लेसरने आखलेली घरे आणि रहिवाशांचे म्हणणे

मध्य प्रदेशातील रायसेन येथे १८ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्र सरकारच्या 'नक्शा' या कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. शहरांमधील जमिनींच्या नोंदी नव्याने आणि अचूक तयार करणे हा त्याचा उद्देश असून, पहिल्या टप्प्यासाठी प्रारंभाच्या वेळी २६ राज्ये व ३ केंद्रशासित प्रदेशांतील १५२ नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांची निवड झाली होती. भारतीय सर्वेक्षण विभाग या कामाचा तांत्रिक भागीदार आहे. मोजणी आकाशातून होते आणि तिच्यासाठी तीन प्रकारची उपकरणे योजलेली आहेत: सरळ खाली पाहणारा कॅमेरा, तिरपा पाहणारा कॅमेरा, आणि तिरप्या कॅमेऱ्याला लेसर मोजणीची म्हणजेच लायडारची जोड. खेड्यांतील गावठाणांसाठी २०२० साली सुरू झालेल्या 'स्वामित्व' योजनेत ड्रोन उडालेच होते. आता शहरांची पाळी आली आहे. इंदूरसारख्या शहरात, जिथे जुने वाडे, नव्या कॉलन्या आणि नदीकाठच्या वस्त्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत, तिथे ही मोजणी ज्या दिवशी होईल त्या दिवसापासून एक प्रश्न टाळता येणार नाही. हवेतून घेतलेल्या मोजमापांतून संगणकाने आपोआप ओळखलेल्या, आपोआप आखलेल्या इमारतीला कायद्याच्या आणि कराच्या व्यवहारात कितपत अधिकार द्यायचा, हा तो प्रश्न होय.

माझे मत आरंभीच सांगतो. ही मोजणी झालीच पाहिजे, आणि चांगल्या दर्जाची झाली पाहिजे. परंतु यंत्राने आखलेली रेषा हा पहिला मसुदा आहे. त्या रेषेच्या आत राहणाऱ्या माणसाला ती दाखवून, त्याचे म्हणणे नोंदवून घेतल्याखेरीज तिच्यावरून ना संपत्तिकराचे बिल निघावे, ना नोटीस. असे का म्हणावे लागते, हे कळण्यासाठी यंत्र नेमके काय पाहते ते थोडे तपशिलात पाहिले पाहिजे.

विमानातून किंवा ड्रोनवरून लेसरचे स्पंद सेकंदाला लाखोंच्या संख्येने खाली सोडले जातात. प्रत्येक स्पंद कशाला तरी आपटून परततो आणि जाण्यायेण्याला लागलेल्या वेळावरून अंतर निघते. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो, त्यावरून हा वेळ किती बारकाईने मोजावा लागतो याची कल्पना यावी. विमानाची जागा उपग्रहांच्या संकेतांवरून आणि त्याचा कल जडत्वमापकावरून कळतो. सर्व मिळून प्रत्येक आपटलेल्या ठिकाणाचा एक बिंदू तयार होतो. अशा कोट्यवधी बिंदूंचा जो समूह हाती येतो त्याला पॉइंट क्लाउड म्हणतात. त्याचे मोठे सामर्थ्य असे की, झाडाच्या पालवीतून एकाच स्पंदाचा काही अंश फांदीवरून, काही पानावरून आणि काही थेट जमिनीवरून परततो, त्यामुळे झाडाखालची जमीनही काही प्रमाणात मोजता येते. छायाचित्राला हे साधत नाही. उंचीची चूकही चांगल्या मोजणीत दहा-पंधरा सेंटिमीटरच्या आत राहते. एवढ्या मोठ्या क्षेत्राची एवढी नेमकी उंची इतक्या थोड्या वेळात देणारे दुसरे साधन आज आपल्याकडे नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पण या बिंदूंना घर म्हणजे काय हे माहीत नसते. ते पुढची आज्ञावली ठरवते. आधी जमिनीचे बिंदू वेगळे काढले जातात; जमिनीपेक्षा ठरावीक उंचीवर, बहुधा दोन-अडीच मीटरांच्या वर, जे उरते ते इमारत किंवा झाड असणार असे मानले जाते. मग सपाट प्रतले शोधली जातात, कारण छत सपाट असते आणि झाडाचा शेंडा खडबडीत. सपाट तुकड्यांची कड काढतात, ती वेडीवाकडी येते म्हणून काटकोनात बसवतात, फार लहान तुकडे गोंगाट, म्हणजे मोजणीतले निरर्थक बिंदू, समजून टाकून देतात. हल्ली ही कामे पूर्वी हाताने आखून दिलेल्या उदाहरणांवरून शिकलेली न्यूरल नेटवर्क करतात. पद्धत जुनी असो वा नवी, तिच्यात गृहीतके आहेतच: घर उंच असते, घर सपाट छताचे असते, घर एका किमान आकाराहून मोठे असते, आणि घर शेजारच्या घरापासून वेगळे दिसते. शिकलेल्या नेटवर्कमध्ये ही गृहीतके लिहून ठेवलेली नसतात, ती उदाहरणांच्या निवडीत दडलेली असतात, म्हणून ती ओळखणे अधिकच अवघड.

या क्षेत्रातील संशोधकांनी वर्षानुवर्षे ज्या नमुन्यांवर आपल्या पद्धती पारखल्या, त्यांत जर्मनीतील फाइहिंगेन या छोट्या गावाचा आणि कॅनडातील टोरांटोच्या उंच इमारतींचा नमुना विशेष प्रसिद्ध आहे. तेथील निष्कर्ष एकमुखी आहे: मोठ्या इमारती जवळपास सगळ्या सापडतात, लहान इमारती सुटतात, आणि झाडांनी झाकलेल्या कडा बिघडतात. फाइहिंगेनची कौलारू, उतरत्या छपरांची, भोवती अंगण असलेली घरे आणि आपल्या मल्हारगंजातली किंवा जुन्या इंदुरातली घरे यांत किती साम्य आहे, हे इंदूर पाहिलेल्याला सांगायला नको.

आमच्या भागातला एक वाडा डोळ्यांसमोर आणतो. पुढे ओटा, ओट्यावर लाकडी खांबांनी तोललेला सज्जा, आत चौक, चौकाच्या तिन्ही बाजूंना खोल्या, मागे विहिरीची जागा आणि तिच्याकडेला जुना आंबा. वाड्याचे तीन भावांत वाटप झालेले आहे. थोरल्याने आपला भाग पाडून सिमेंटची गच्ची घातली, मधल्याचे जुनेच कौलारू छप्पर आहे, धाकट्याने वरच्या मजल्यावर पत्रे टाकले आहेत. डाव्या हाताची भिंत शेजारच्या वाड्याशी सामाईक आहे आणि दोन्हीकडच्या गच्च्या एकाच उंचीवर आल्या आहेत. आता वरून पाहणाऱ्या लेसरला काय दिसेल? थोरल्याची गच्ची आणि शेजाऱ्याची गच्ची हे एकच सपाट प्रतल, म्हणून ती दोघांची मिळून एक इमारत. मधल्याच्या कौलांवर आंब्याची फांदी आलेली, तिथे छप्पर तुटक दिसेल आणि निम्मे कदाचित झाड म्हणून वगळले जाईल. आमच्या माळव्यात कडुनिंब आणि पिंपळ फाल्गुन-चैत्राच्या सुमारास काही दिवस तरी पाने टाकतात, त्या वेळी मोजणी केली तर बरेच साधते. आंबा मात्र बारमाही हिरवा. धाकट्याचे पत्रे वेगळ्या उतारावर आहेत म्हणून ते तिसरेच घर ठरेल. चौक अरुंद असेल तर तो छपरात मिसळून जाईल. तीन सातबारासारखे स्पष्ट हिस्से असलेल्या या एका वाड्यातून नकाशावर जे निघेल, त्याचा कोणाही एका भावाच्या मालकीशी मेळ बसणार नाही. या चुका यंत्र बिघडल्यामुळे होत नाहीत. त्याला जे करायला सांगितले आहे ते ते नीट करते आहे. छप्पर आणि मालकी यांची सीमा एक असते हे आपण त्याच्यावर लादलेले गृहीतक आहे.

दुसरी गोष्ट छज्ज्याची. वरून भिंत दिसत नाही, छप्पर दिसते. वीस फूट रुंद आणि चाळीस फूट खोल घराचा तळ आठशे चौरस फुटांचा. रांगेतल्या घराला पुढे आणि मागे दोन-दोन फुटांचा छज्जा धरला, तर वरून तेच घर आठशे ऐंशी चौरस फुटांचे दिसते. म्हणजे दहा टक्के वाढ कोणी एक वीटही न रचता झाली. मोकळ्या प्लॉटवरच्या घराला चारही बाजूंनी तेवढाच छज्जा असेल तर आकडा एक हजार छप्पन्नवर जातो. त्यात बिंदूंच्या घनतेची भर पडते. चौरस मीटरमागे चार बिंदू असतील तर दोन बिंदूंतले अंतर साधारण अर्धा मीटर असते आणि घराची खरी कड त्या अर्ध्या मीटरात कुठेही असू शकते. वीस बिंदू घेतले तर हे अंतर वीस-बावीस सेंटिमीटरवर येते. तेव्हा निविदेत घनता किती मागितली आहे ही केवळ अभियंत्यांनी पाहायची बाब राहत नाही, करदात्यानेही ती विचारावी.

मध्य प्रदेशात संपत्तिकर वार्षिक भाडेमूल्यावर बसतो आणि त्यासाठी बांधलेले क्षेत्र, परिसर, बांधकामाचा प्रकार आणि वापर या गोष्टी लागतात. त्यांतली पहिली गोष्ट लेसर अंदाजे देऊ शकतो. बाकीच्या देऊ शकत नाही. दहा मीटर उंचीची इमारत तीन मजल्यांची असेल की उंच छतांच्या दोन मजल्यांची, हे छपराच्या उंचीवरून ठरत नाही. आपल्या इंदूरच्या राजवाड्याचे सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी, हेही उंचीवरून कोणाला काढता येणार नाहीत. खालच्या मजल्यावर दुकान आहे की आजी-आजोबांची खोली, वरची खोली भाड्याने दिली आहे की रिकामी, बांधकामाची परवानगी १९६० सालची आहे की घेतलीच नाही, यांपैकी एकाही प्रश्नाला बिंदूंच्या समूहात उत्तर नाही. तरीही एकदा का संगणकाच्या पडद्यावर स्वच्छ काटकोनी आकृती उमटली, की तिच्या सफाईमुळेच ती खरी वाटू लागते, आणि हाताने काढलेला जुना मळका नकाशा, जो कदाचित अधिक बरोबर असेल, तो बाजूला पडतो.

सगळ्यांत अधिक काळजी मला वस्त्यांची वाटते. कान्ह आणि सरस्वती या नद्यांच्या काठाने, रेल्वेलगत, जुन्या गिरण्यांच्या मागे दाटीने वसलेली घरे आहेत. दहा बाय बाराची खोली म्हणजे जेमतेम अकरा चौरस मीटर. चौरस मीटरमागे चार बिंदूंनी तिच्या वाट्याला पंचेचाळीसएक बिंदू येतील, त्यांतले काही पत्र्यावर टाकलेल्या ताडपत्रीवर, काही दगड-टायरांवर, काही शेजारच्या पत्र्यावर. छप्पर दोन मीटरांहून थोडेच उंच, म्हणून उंचीच्या चाळणीत ते अडकण्याची शक्यता. आकार लहान, म्हणून किमान क्षेत्रफळाच्या चाळणीतही. आणि जे वाचेल ते शेजारच्या दहा छपरांना जोडले जाऊन एक मोठी, विचित्र आकाराची 'इमारत' होईल. म्हणजे चाळीस कुटुंबांच्या जागी नकाशावर चार आकृत्या. पुनर्वसनाची यादी उद्या याच नकाशावरून झाली तर छत्तीस कुटुंबे आधी स्वतःचे अस्तित्व सिद्ध करीत फिरतील. हा आकडा मी समजण्यासाठी घेतलेला आहे, पण घडण्याची तऱ्हा हीच आहे.

म्हणून 'आमची पद्धत पंच्याण्णव टक्के अचूक आहे' अशा स्वरूपाचे विधान ऐकले की पुढचा प्रश्न विचारला पाहिजे: उरलेले पाच टक्के कोण? चूक सगळ्या शहरात सारखी पसरलेली असती तर ती सोसण्यासारखी होती. ती तशी पसरत नाही. सुटसुटीत प्लॉटवरच्या बंगल्याच्या वाट्याला ती जवळजवळ येतच नाही. सामाईक भिंतींच्या वाड्यांत, झाडाखालच्या जुन्या घरांत आणि वस्त्यांत ती साठत जाते. संशोधक स्वतः अचूकतेचे दोन वेगळे आकडे देतात: खऱ्या इमारतींपैकी किती सापडल्या, आणि सापडल्या म्हणून सांगितलेल्यांपैकी किती खऱ्या. शिवाय हे आकडे क्षेत्रफळाने मोजले की नगांनी, यावरही ते फार बदलतात, कारण क्षेत्रफळात एक मॉल शंभर झोपड्यांना झाकून टाकतो. नगरपालिकांनी हे दोन्ही आकडे, नगांनी मोजलेले, प्रभागवार आणि घराच्या आकारानुसार प्रसिद्ध करावेत. त्यासाठी नवे संशोधन लागत नाही, फक्त तशी अट लागते.

याच्या विरोधात एक युक्तिवाद नेहमी होतो, आणि तो हलका नाही. माणसांनी दारोदार जाऊन केलेल्या पाहणीत ओळखीपाळखी चालतात, चहापाणी होते, मोठ्याचे बांधकाम कमी लिहिले जाते आणि गरिबाचे जास्त. यंत्राला मात्र कोणाचे नाव ठाऊक नसते. हे खरे आहे. करचुकवेगिरीत सर्वांत मोठा वाटा जर मोठ्या बांधकामांचा असेल तर लेसर त्यांनाच सर्वांत अचूक पकडतो, ही या तंत्राची जमेची बाजू आहे आणि ती मी कमी लेखत नाही. एका वर्षाच्या बिंदूंतून दुसऱ्या वर्षाचे बिंदू वजा केले की कोणत्या गच्चीवर नवा मजला चढला ते लगेच दिसते. पण निःपक्षपात आणि अचूकता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नाव न पाहता सर्वांवर सारखीच वापरलेली मोजपट्टी लहान घरासाठी खोटी आणि मोठ्यासाठी खरी निघत असेल, तर तिचा परिणाम पक्षपाताहून वेगळा होत नाही, आणि तिच्याविरुद्ध दाद मागणे तर अधिक कठीण, कारण समोर दोषी म्हणून बोट दाखवायला कोणी नसतो.

फ्रान्सच्या करखात्याचा अनुभव या बाबतीत पाहण्यासारखा आहे. तिथे हवाई छायाचित्रांवरून, लेसरवरून नव्हे, नोंद न केलेले पोहण्याचे तलाव संगणकाने शोधले गेले. २०२२ साली नऊ जिल्ह्यांतल्या प्रयोगात असे वीस हजारांहून अधिक तलाव सापडले आणि सुमारे एक कोटी युरोंचा कर वाढला. त्याच वेळी यंत्राने सौरपत्रे आणि इतर निळसर वस्तूंनाही तलाव समजल्याच्या बातम्या आल्या. यंत्राच्या यादीनंतर कर्मचाऱ्यांची तपासणी होती, म्हणून त्या चुका पोहण्याच्या तलावापुरत्या राहिल्या. आपल्याकडे प्रश्न तलावाचा नसून राहत्या घराचा आहे.

त्याहून शिकण्यासारखे नेदरलँड्सचे उदाहरण वाटते. समुद्रसपाटीखाली मोठा भूभाग असल्याने तो देश गेल्या शतकाच्या अखेरीपासून आपली संपूर्ण भूमी लेसरने पुन्हा पुन्हा मोजत आला आहे आणि ती सर्व मोजमापे कोणालाही विनामूल्य मिळतात. त्यांवरून डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी देशातल्या सुमारे एक कोटी इमारतींची त्रिमित प्रतिरूपे आपोआप तयार केली. पण तिथेही इमारतीची बाह्यरेषा लेसरच्या बिंदूंतून काढलेली नाही. ती घेतलेली आहे नगरपालिकांनी ठेवलेल्या इमारतींच्या नोंदवहीतून, आणि त्या नोंदवहीत चूक दिसली तर कोणीही नागरिक ती कळवू शकतो. लेसरकडून त्यांनी उंची आणि छपराचा आकार घेतला. घर कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे नोंदीला विचारले. जगात ज्यांनी या तंत्रावर इतका खर्च केला आणि ज्यांच्याकडे इतकी दाट मोजणी आहे, त्यांनी हा क्रम ठेवला ही गोष्ट आपल्या अधिकाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावी.

आणि आपल्याला परदेशातच पाहण्याची गरज आहे असे नाही. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली इंदूरच्या होळकर दरबाराला दोन खंडांचा अहवाल सादर केला होता. प्लेगने गांजलेल्या या शहरात ते नकाशा हातात घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून फिरले, कोणते घर ठेवण्याजोगे आणि कोणती पडीक भिंत काढली तर हवा खेळेल हे त्यांनी प्रत्यक्ष पाहून ठरवले, आणि सरळ रुंद रस्ते वस्तीतून आरपार नेण्याला विरोध केला. लोकांना आपल्या योजनेत ओढण्यासाठी त्यांनी दिवाळीची मिरवणूकही काढली. रस्तारुंदीत ज्यांच्या घरांचे दर्शनी भाग गेले आहेत त्या आजच्या इंदूरकरांना या पद्धतीचे मोल वेगळे समजावून देण्याची आवश्यकता नाही. गेडिस यांच्या हाती लेसर असता तर त्यांनी तो आनंदाने वापरला असता असे मला वाटते, कारण मोजणीवर त्यांचा विश्वास होता. पण त्यामुळे त्यांचे गल्लीत जाणे थांबले असते असे वाटत नाही.

या तंत्राचे असे अनेक उपयोग आहेत की ज्यांत प्रत्येक घराची कड अचूक असण्याची गरजच नाही. पावसाळ्यात नदीकाठचे कोणते भाग आधी पाण्याखाली जातील, कोणत्या गच्च्यांवर सौरपत्रे चांगली चालतील, कोणत्या गल्लीत अग्निशमन दलाची गाडी शिरणार नाही, राजवाड्याच्या परिसरातल्या जुन्या इमारतींच्या उंची काय आहेत, या सगळ्यासाठी ती मोजणी आहे तशी वापरता येते. १९८४ साली राजवाड्याला आग लागली, तेव्हा त्याची अशी मोजणी हाती असती तर पुढच्या पुनर्बांधणीला मोठा आधार मिळाला असता. हे उपयोग आजपासून मोकळे करावेत. हरकत आहे ती फक्त तिथे, जिथे त्या रेषेवरून एका विशिष्ट माणसाकडून पैसे घेतले जातात किंवा त्याचे बांधकाम पाडले जाते.

तिथे कायद्याची दिशाही स्पष्ट झालेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी बांधकामे पाडण्याविषयी दिलेल्या निर्णयात आधी नोटीस, उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत आणि व्यक्तिशः म्हणणे मांडण्याची संधी बंधनकारक केली. रस्ते, पदपथ, नदी अशा सार्वजनिक जागांवरील अनधिकृत बांधकामे त्यातून वगळली आहेत, आणि नदीकाठच्या वस्त्यांच्या बाबतीत नेमकी हीच मेख आहे: घर नदीच्या हद्दीत आहे की बाहेर, हे जर यंत्राच्या रेषेवरूनच ठरणार असेल, तर त्या घराला न्यायालयाने दिलेले संरक्षण मिळेल की नाही हेही ती रेषाच ठरवणार. अर्ध्या मीटरची अनिश्चितता असलेल्या रेषेकडे एवढा अधिकार जाता कामा नये.

व्यवहारात काय करावे, तर प्रत्येक प्रभागाचा मसुदा-नकाशा झोन कार्यालयात आणि वस्तीत मोठ्या आकारात लावावा, मतदारयादीचा मसुदा लावतात तसा. प्रत्येक आकृतीवर क्रमांक असावा, आणि ज्या आकृतीबद्दल यंत्रालाच खात्री कमी आहे ती वेगळ्या रंगात दाखवावी. बहुतेक पद्धतींना ही खात्रीची पातळी देता येते, ती ठेकेदाराकडेच राहते एवढेच. हरकतीसाठी पुरेशी मुदत असावी, हरकत तोंडी सांगितली तरी लिहून घेण्याची सोय असावी, आणि हरकत आली की कर्मचाऱ्याने फीत घेऊन भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजावे. मूळ बिंदूंची माहिती शहराच्या मालकीची राहावी आणि ती अभियांत्रिकी महाविद्यालयांना व नागरिकांना तपासण्यासाठी खुली असावी. खासगीपणाची भीती काहींना वाटेल. पण अशा घनतेच्या बिंदूंत माणसाचा चेहरा ओळखू येत नाही, आणि मालकाचे नाव नकाशाला जोडलेच नाही तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

या सगळ्याला खर्च येईल, आणि तो उड्डाणाच्या खर्चातून वजा होणार नाही. म्हणूनच ही मागणी नकाशा तयार झाल्यावर करून भागणार नाही. बिंदूंची घनता, उड्डाणाचा महिना, नगांनी मोजलेली प्रभागवार अचूकता, मसुद्याचे प्रदर्शन आणि हरकतींची जागेवरची तपासणी या बाबी निविदेच्या अटींत पैशांसह लिहिलेल्या असतील तरच ठेकेदार त्या करील. त्या अटींचा मसुदा तयार होत असताना पार्षदांनी तो सभागृहात मागून घ्यावा, आणि वाड्यांत व वस्त्यांत राहणाऱ्यांनी आपापल्या पार्षदाकडे तो आत्ताच मागावा.